गिऱ्हाइकांचा डेटा कसा सांभाळायचा : छोट्या क्लासवाल्यांसाठी आणि दुकानदारांसाठी

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने मुलीच्या दहावीसाठी एका क्लासमध्ये नुसती चौकशी केली, नाव, शाळा, मोबाईल नंबर लिहून दिला आणि घरी आली. आठ दिवसांत दुसऱ्याच पाच क्लासेसचे फोन, त्यातला एक तर मुलीचं नाव आणि शाळा सांगूनच बोलायला लागला. ती घाबरलीच. मला जास्त वाईट वाटलं कारण मी अशाच छोट्या व्यावसायिकांची हिशेबाची कामं करतो आणि यादी दुसऱ्याला देण्यात काही चूक आहे असं बऱ्याच जणांना वाटतच नाही.

चूक आहे, आणि आता कायद्यानेही आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, मग २०२३ मध्ये डीपीडीपी म्हणजे डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली. धंदा छोटा आहे म्हणून आपोआप सुटका नाही. नुसतं कागदी रजिस्टर यात येत नाही, पण तेच एक्सेलमध्ये भरलं किंवा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलं की आलं.

सुरुवात अशी करा. एक दिवस शटर खाली घेतल्यावर बसा आणि गिऱ्हाइकांची माहिती कुठेकुठे आहे ते लिहून काढा. मोबाईल, काउंटरचा कॉम्प्युटर, बिलिंग सॉफ्टवेअर, गुगल फॉर्म, स्टाफचे फोन (हे सगळेच विसरतात, सोडून गेलेल्या पोराच्या फोनमध्ये अख्खी यादी असते). मी एका क्लासच्या ऑफिसमध्ये बसलो होतो तेव्हा डाउनलोड फोल्डर उघडला तर मागच्या तीन वर्षांत आलेल्या मुलांची आधार कार्डं तशीच पडलेली, कॉम्प्युटरला पासवर्ड नाही, बाजूला व्हॉट्सॲप वेब चालू आणि फी भरायला आलेले पालक त्याच टेबलाला टेकून उभे. सरांना विचारलं आधार कशाला घेता, तर म्हणाले सगळेच घेतात. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून ती सगळी डिलीट केली, रीसायकल बिनसकट.

म्हणजे यादी झाली की प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न, हे मला कशाला लागतं? उत्तर नसेल तर काढून टाका आणि पुढे मागूच नका. ओळखपत्र लागतच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

मग फॉर्म. कोणती माहिती घेतोय, कशासाठी, आणि नको असेल तर कुणाला कळवायचं हे साध्या मराठीत लिहा. बिलाच्या मेसेजसाठी नंबर दिला म्हणजे ऑफरच्या मेसेजला परवानगी दिली असं होत नाही, त्याचा टिकचा चौकोन वेगळा ठेवा आणि तो आधीच भरलेला नको. परवानगी देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं पाहिजे असं कायदाच म्हणतो, तर कुणी ‘बंद करा’ म्हटलं की खरंच बंद करा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते, आणि ती खरंच पालकांनीच दिली याची खात्री करणं तुमच्याकडे. मुलांना टार्गेट करून जाहिराती करायलाही मनाई आहे.

सॉफ्टवेअरवाल्याकडून डेटा फुटला तरी कायद्यापुढे जबाबदार तुम्हीच, म्हणून त्याच्याकडून लेखी घ्या की डेटा कुठे ठेवतो आणि काम संपल्यावर पुसतो का. फुटलाच तर लपवू नका, ज्यांचा गेला त्यांना आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डाला (या कायद्याखालचं सरकारी मंडळ) लगेच कळवायचं, बोर्डाला सविस्तर माहिती ७२ तासांत. डेटाची नीट सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ही वरची मर्यादा आहे, रक्कम प्रकरण बघून ठरते, पण छोट्या धंद्याला खरी भीती वेगळीच. सोसायटीच्या ग्रुपवर एका आईने लिहिलं की ‘यांनी नंबर विकला’, की पुढच्या वर्षीचे ॲडमिशन गेले.

बहिणीने त्या क्लासला मेसेज केलाय की मुलीचं नाव काढून टाका. दोनदा केला, अजून उत्तर नाही. तुमच्याकडे असा मेसेज आला तर त्याच दिवशी नाव काढा आणि काढलं म्हणून कळवा, दोन मिनिटांचं काम आहे.