पहिला बाहेरचा गायक येण्याआधी

पोटापाण्यासाठी मी हिशेब लिहितो, संध्याकाळी पेटी वाजवतो, आणि कोड रात्रीची जेवणं झाल्यावर माझा मीच शिकलो. मिरजेत बसून मी पेटी रेकॉर्ड करायची, पुण्याच्या तबलजीनं ठेका पाठवायचा, न्यू जर्सीतल्या मामेबहिणीनं गायचं आणि सगळं एका जागी जुळायचं, एवढ्यासाठी इंटरनेटवर एक छोटी जागा उभी केली. आता तिथं ओळखीपाळखीची दोनेकशे माणसं आहेत. असंच काही करायला निघालेले लोक मला विचारतात, कोड कोणत्या भाषेत लिहू? जी येते तिच्यात लिहा. खरी तयारी दुसऱ्याच गोष्टींची लागते, आणि ती दार उघडण्याआधी झालेली बरी. नंतर करायला गेलं तर तोवर लोकांच्या फाइली तरी बिघडलेल्या असतात, नाहीतर मनं.

आधी एका कागदावर लिहून टाका: सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं, की एकामागून एक? हे आपल्या आवडीवर नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मिरज ते न्यू जर्सी सरळ रेषेतसुद्धा साडेबारा हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे नुसतं पोहोचायलाच ६० मिलिसेकंदांच्या वर. केबल सरळ जात नाही, वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका बाजूचे १०० धरा. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. तुमचा सूर तिकडे जाऊन त्यावरची थाप परत येईस्तोवर अख्खी मात्रा निघून गेलेली. मग सम कुणाची धरायची? एकाच शहरात, तारेचं इंटरनेट असेल तर जमतं. २००६ पासूनचं जॅम्युलस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचं जॅकट्रिप ही सॉफ्टवेअरं त्यासाठीच आहेत, आणि २०२०च्या टाळेबंदीत जगभरच्या गायकवृंदांनी ती वापरली. निन्जॅम (२००५) तर आणखी हुशार: उशीर टाळता येत नाही ना, मग तो पुरत्या एका आवर्तनाचा करून टाकला. प्रत्येकाला दुसऱ्याचं मागचं आवर्तन ऐकू येतं. आपल्याला कल्पना लगेच पटते, पण मुखडा घेऊन समेवर आलात तर तबलजीचं उत्तर दोन आवर्तनांनी मिळणार. उधारीची दाद. आम्ही एकामागून एकचा मार्ग धरला, आणि विलंबित ख्याल या पद्धतीनं होत नाही हे पहिल्याच पानावर लिहिलं. भावगीत, अभंग, गझल, लावणी होते.

एकामागून एक ठरलं की पाया कोण घालणार तेही ठरवा. आमच्याकडे गाणं सुरू करणाऱ्यानं तीन गोष्टी दिल्याशिवाय पान उघडतच नाही: पट्टी, ताल आणि मिनिटाला किती मात्रा. 'मध्य लय' हे उत्तर चालत नाही, आकडाच हवा. त्यावर तानपुरा आणि ठेक्याची एक पायाफाइल बनते, सुरुवातीला मोजायला एक मोकळं आवर्तन ठेवून. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: प्रत्येक फाइल शून्यापासून सुरू झाली पाहिजे. बासरी तीन मिनिटांनी येत असली तरी आधीची तीन मिनिटं शांतता भरून पाठवायची. लोक कुरकुरतात, बासरीवाले जास्तच. पण 'ही ओळ कुठे बसवायची' हा फोन त्यानंतर कधी आला नाही.

आता फाइलींचं. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजून ठेवला ते, सगळ्यांचा एकच ठेवा आणि अपलोड होतानाच तपासा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ची समजून वाजवली तर ती सुमारे पावणेनऊ टक्के जलद चालते आणि जवळजवळ दीड पट्टी वर चढते. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. आमच्या एका काकांचा आवाज असा ऐकून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या होत्या, 'लग्नात असेच गायचे हे.'

मिक्ससाठी, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र जुळवायला, एमपी३ घेऊ नका. दर्जाचा मुद्दा बाजूला ठेवा, एमपी३ करताना आणि उलगडताना फाइलीच्या आरंभी थोडी शांतता शिरते. लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रामचे ५७६ आणि उलगडणाऱ्याचे ५२९ धरले तर ११०५ सॅम्पल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २५ मिलिसेकंद. काही प्लेअर ती कापतात, काही कापत नाहीत. एका फाइलीत कळत नाही. पण टाळ एका वाटेनं आला आणि पखवाज दुसऱ्या, की भजनाला लंगडेपणा येतो आणि दोष टाळकऱ्याच्या माथी बसतो. म्हणून ठेवायला फ्लॅक (दाबलेली, पण काही न गमावणारी फाइल) आणि नुसतं ऐकायला हलकी ओपस. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह, म्हणजे अजिबात न दाबलेली फाइल, मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जाते. पाच मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक धरले तर ३४५ एमबी, आणि प्रत्येक जण तीन-तीन टेक, म्हणजे एकाच भागाची तीन रेकॉर्डिंगं, पाठवणार. साठवणुकीचं बिल आधीच मांडून बघा. अपलोड मधेच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं, कारण अर्धी मंडळी मोबाइल डेटावर असतात.

ब्राउझरमधूनच रेकॉर्डिंग घेणार असाल तर इथं जरा थांबा. माझे दोन महिने इथंच गेले. बहिणीनं तानपुरा शेजारी लावून आलाप पाठवला. पहिल्या सेकंदाला तानपुरा छान ऐकू येतो, मग विरत विरत नाहीसा होतो. ती गायची थांबली की कुठूनतरी फुगून वर येतो, पुन्हा बुडतो. मी माइक बदलायला सांगितला, खोली बदलायला सांगितली, शेवटी तानपुरा बदलायला सांगितला. दोष ब्राउझरचा होता, खरं तर माझाच. माइक मागताना तीन गोष्टी बहुधा आपोआप चालू असतात: प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी स्वतःहून वरखाली करणं. त्या मीटिंगसाठी बनवलेल्या आहेत. अखंड, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, तो काढून टाकायचा, एवढंच त्यांना कळतं. तानपुऱ्याचं सगळं जीवन अखंड चालण्यात! तिन्ही बंद करा. कोडची एकेक ओळ आहे.

त्याच दिवशी ब्लूटूथचंही बघून घ्या. बिनतारी हेडफोनवर ठेका दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकतो; गायक त्याच्याशी इमानदारीनं गातो आणि सगळं गाणं मागे पडतं. तारेचा हेडफोन सक्तीचा. शिवाय प्रत्येक फोनचा स्वतःचा उशीर असतो. तो मोजायला आम्ही स्पीकरवर आठ टिचक्या वाजवतो, त्याच फोनच्या माइकनं ऐकतो आणि जो फरक येतो तेवढी फाइल अलीकडे ओढतो. हे काम लोकांना खेळासारखं वाटतं, तक्रार नाही.

जुना टेक कधीही पुसू नका. नवा आला की तो शेजारी ठेवा. फाइलीला सर्व्हरवर आकड्याचं नाव द्या आणि 'फायनल फायनल नवीन २' हे मूळ नाव नुसतं लेबल म्हणून दाखवा. कुठल्या मिक्समध्ये कुणाचा कोणता टेक वापरलाय ही वंशावळ पहिल्या दिवसापासून डेटाबेसमध्ये हवी. खुले परवाने बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं २००४ मध्ये सुरू केलेल्या सीसीमिक्सटर या संकेतस्थळावर प्रत्येक तुकड्याखाली तो कशावरून आला आणि पुढे कशात गेला हे दिसतं. तिथूनच मी ते उचललं.

वंशावळ लागते ती हक्कांसाठी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळी भांडणं इथंच होतात. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळं. शब्द आणि चाल कर्त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. त्यामुळे 'अभंग तर संतांचा, त्याला कसली परवानगी' हे अर्धंच खरं. शब्द सतराव्या शतकातले असतील, चाल पन्नास वर्षांपूर्वीच्या संगीतकाराची असते. आम्ही पारंपरिक किंवा स्वतःच्याच चाली घेतो. आपसातल्या हक्कांचा एक साधा मराठी कागद करा. हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. न्यू जर्सीच्या बहिणीला ही ओळ वाचून दाखवा. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी नाव लावून घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, म्हणून श्रेयाची ओळ मिक्सबरोबर आपोआप चिकटू द्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना ठेवणार असाल तर 'बदल करू नये' हा प्रकार यादीतून काढाच, साथ करणं म्हणजेच बदल. आणि एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही, हे बटणाच्या वरच लिहा, खाली बारीक अक्षरात नको. आमच्याकडे आपोआप निवडलेला पर्याय 'फक्त या गाण्यापुरतं' असाच आहे.

माणसांची तयारी. गायक पुष्कळ येतात, तबलजी येत नाहीत. पहिल्या महिन्यात माझ्याकडे एकतीस गायक आणि दोन तबलजी होते, त्यातला एक परीक्षेला बसलेला. एका वादकाकडे एका वेळी तीनच मागण्या, हा नियम तेव्हाच घातला. दार सगळ्यांना उघडण्याआधी दहा अर्धवट गाणी तयार ठेवा, प्रत्येकात एक खुर्ची रिकामी: इथं बासरी हवी, इथं दुसरा आवाज. शेवटची तारीखही हवी. फेब्रुवारीत १४ गाणी करायचा अमेरिकेतला उपक्रम २००४ पासून चालतो तो तारखेच्या जोरावर. फक्त 'रविवारी रात्री १२' कुणाचे, ते लिहा. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. लाइकच्या आधी ब्लॉकचं बटण बांधा, आणि खाजगी निरोप सुरुवातीला ठेवूच नका. गाणाऱ्या बायकांना का, ते विचारा. १८ वर्षांखालची मुलं येणार असतील तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली पालकांची संमती वाचून ठेवा.

स्वतः शिकलेल्या माणसाचं ज्ञान त्याच्या आवडीच्या आकाराचं असतं. मला पडद्यावर आवाजाच्या लाटा काढायला आवडायचं, म्हणून ते उत्तम झालं. बॅकअप आवडत नसे. तो रोज रात्री दोन वाजता होत होता, पाच महिने. पासवर्ड बदलल्यापासून प्रत्येक फाइल शून्य बाइटची होती, आणि हे मला डिस्क गेल्यावर कळलं. एका आजोबांचा पखवाज त्यात गेला, त्यांनी तो पुन्हा वाजवून पाठवला आणि एका शब्दानं बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅकअपमधून एक गाणं परत काढतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. लोकांचे पासवर्ड साठवण्याचा कोड स्वतः लिहू नका, ज्या तयार सांगाड्यावर (फ्रेमवर्क) साइट बांधली त्याचाच वापरा.

शेवटी भजनी मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बाईंच्या हातात त्यांचाच फोन द्या, आणि आपले हात पाठीमागे बांधून उभे राहा. मी आत्याला बसवलं. तिनं पंखा बंद केला, कुकर उतरवला, हेडफोनची तार लावली, 'गा' हे बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली: माइक वापरू द्यायचा का? आत्यानं सरळ 'ब्लॉक' दाबलं. परक्यानं फोनवर काहीही मागितलं तर नाही म्हणायचं, हे मीच तिला बँकेच्या फसवणुकीच्या वेळी चार वेळा बजावलं होतं. आता त्या चौकटीच्या आधी आमचा एक मराठी पडदा येतो, आणि चुकून नाही म्हटलं तर ते परत कुठे उघडायचं याची चित्रं. ती चित्रं आत्याच्या फोनवरचीच आहेत.