घरी कॅफेवालं एस्प्रेसो मशीन घेताय? आधी लाईट आणि पाणी बघा

सेकंडहँड कमर्शियल मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून लगेच उचलू नका, आधी प्लेटवर किती वॅट लिहिलंय ते वाचा. सिंगल ग्रुप, म्हणजे कॉफी काढायचं एकच तोंड असेल तर बहुतेक वेळा १६ अँपिअरच्या सॉकेटवर भागतं पण टू ग्रुप ३००० वॅटच्याही वर जातं, त्याला इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाईन आणि एमसीबी टाकून घ्या, अर्थिंग तर हवंच हवं.

पाण्याचं मात्र खरंच मनावर घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी, तेच वापरत होतो, सहा महिन्यांनी बॉयलर उघडला तर आत पांढऱ्या क्षाराचा जाड थर, नखाने खरवडला तरी निघेना! आता सॉफ्टनर लावलाय. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात क्षार फारच कमी असले तर काही मशीन्सना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही आणि कॉफीही फिकी लागते.

सकाळी उठल्या उठल्या चालू करा, ग्रुपहेड (कॉफी निघते ते तोंड) पितळेचं, जड, नीट तापायला अर्धा तास लागतोच. मग १८ ग्रॅम पावडर, ९ बार प्रेशर, २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. भसाभस आली तर दळण बारीक करा, थेंब थेंब आली तर जाडं. ग्राइंडरवर पैसे वाचवू नका बरं का.

दूध फेसाळलं की स्टीमची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि वाफ सोडा, वाळलेलं दूध मग निघता निघत नाही. रात्री बिनभोकाची बास्केट लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली सफाई, आठवड्यातून एकदा मशीन धुवायची पावडर टाकून.