डब्लिनला राज्यशास्त्र शिकायला येताय? आधी ‘टीशख’ समजून घ्या

आयर्लंडच्या सरकारप्रमुखाला इथे क्वचितच कुणी प्राइम मिनिस्टर म्हणतं. बातम्यांत, वर्गात, बसमधल्या गप्पांत, सगळीकडे ‘टीशख’. मी पुस्तकात रोमन अक्षरं पाहून ‘ताओइसिच’ वाचत होतो. त्यामुळे वर्गात बाई ‘टीशख’ म्हणत तेव्हा त्या याच पदाबद्दल बोलताहेत, हे मला पहिले दोन तास कळलंच नाही. शेवटचा ख उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा, घशात घासून काढायचा. अनेकवचन ‘टीशी’, उपपंतप्रधान ‘टॉनिश्ता’, संसदेचं कनिष्ठ सभागृह ‘डॉल’. एवढे शब्द निघण्यापूर्वीच तोंडात बसवा.

अर्थ मात्र आपल्याला परका नाही. जुन्या आयरिशमध्ये या शब्दाचा अर्थ पहिला, पुढारी. फारसीतल्या ‘पेशवा’चाही तोच, पेश म्हणजे पुढे. आणि आपल्याकडे पेशव्यालाच तर मुख्यप्रधान, पंतप्रधान म्हणत. ही सांगड सापडली आणि शब्द माझ्या डोक्यात पक्का झाला.

अभ्यासात खरा घोळ होतो तो १९२२ ते १९३७ या काळात. तेव्हाच्या कागदपत्रांत ‘प्रेसिडेंट’ दिसला की राष्ट्रपती समजू नका. तो कार्यकारी परिषदेचा प्रेसिडेंट, म्हणजे सरकारप्रमुखच. आधी विल्यम कॉसग्रेव्ह, १९३२ पासून एमन डी व्हॅलेरा. पण त्याचे हात बांधलेले असत. एखाद्याच मंत्र्याला काढणं किंवा स्वतःच्या अधिकारात डॉल विसर्जित करवणं त्याला शक्य नव्हतं. १९३७च्या संविधानाने ‘टीशख’ हे नाव आणलं, आणि नको असलेल्या मंत्र्याचा राजीनामा मागण्याचा अधिकारही दिला. म्हणून उत्तरात ‘फक्त नाव बदललं’ असं लिहू नका. माझे गुण तिथेच गेले होते. कलम १३ आणि २८ मुळातून वाचा. डॉल नाव सुचवते, राष्ट्रपती नेमतात, हे तिथे स्पष्ट आहे.

लिओ वराडकर २०१७ मध्ये टीशख झाले. त्यांच्या वडिलांचं गाव मालवणजवळचं वराड. आडनाव मराठी दिसलं की इथे त्यांचा विषय निघतो, तेव्हा तयारी ठेवा.

वापर सोपा आहे. नावाआधी पद, जसं ‘टीशख मीहॉल मार्टिन’. घरच्यांना मराठीत लिहिताना मी पहिल्यांदा ‘टीशख, म्हणजे पंतप्रधान’ असं लिहितो, पुढे नुसतं टीशख. कान तयार करायचा तर डॉलमधलं ‘लीडर्स क्वेश्चन्स’, म्हणजे विरोधी नेत्यांच्या प्रश्नांचं सत्र, ऑनलाइन थेट ऐका. पहिल्या आठवड्यात निम्मं सुटेल, तरी ऐकत राहा.