घनमीटरचे लिटर करताना टेप कुठं लावायचा

घनमीटरला १००० नं गुणलं की लिटर, लिटरला १००० नं भागलं की घनमीटर. मीटरात १०० सेंटिमीटर असतात म्हणून बरेच जण १०० नं गुणतात आणि कागदावर टाकी दहापट लहान होते. लिटर म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा. मीटरभराच्या खोक्यात असे ठोकळे लांबीत दहा, रुंदीत दहा, उंचीत दहा बसतात. झाले हजार.

आकडेमोडीपेक्षा मापात जास्त चुकतं. जमिनीतल्या हौदाचं माप आतून घ्या, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. आत २.४० × १.८० मीटर आणि खोली १.६० असेल तर ६.९१२ घनमीटर, म्हणजे ६९१२ लिटर. हाच हौद नऊ इंची भिंतींसकट मोजला तर १०,३४२ लिटर येतात! शिवाय ओव्हरफ्लोची पाईप तळापासून १.४५ मीटरवर असेल तर पाणी तिथंच थांबणार: ६२६४ लिटर. उंची तेवढीच धरा. फूटव्हॉल्व्हच्या (मोटरच्या पाईपच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) खालचं पाणी मोटर उचलत नाही, वापराचा हिशोब करताना तेही वजा करा.

गोल टाकीला व्यास × व्यास × उंची × ०.७८५. व्यास आणि उंची १.१० मीटर असेल तर १०४५ लिटर.

गवंडी फुटात बोलतो. घनफुटाला थेट २८.३२ नं गुणा. तीन फुटांचा मीटर धरू नका. तिन्ही बाजूंची चूक एकमेकींत गुणली जाते आणि उत्तर ३० टक्के फुगतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणून त्यालाही हाच आकडा चालतो. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४०,४०० लिटर.

लिटर म्हणजे किलो हे फक्त पाण्यापुरतं. हजार लिटर दूध साधारण १०३० किलो भरतं.

नळाच्या मीटरवर काळे आकडे घनमीटर, लाल आकडे त्यावरचे सुटे लिटर. काळे ००३४७ आणि लाल २६८ म्हणजे ३४७ घनमीटर २६८ लिटर. लाल आकडे काळ्यांना जोडून वाचले तर बिल पाहून धडकी भरेल. गळती शोधायची तर सगळे नळ बंद करून लाल आकडे लिहून ठेवा आणि तासाभरानं पुन्हा बघा. २६८ चे २९२ झाले, तर तासाला २४ लिटर, महिन्याला १७.२८ घनमीटर वाहून जातंय. आधी फ्लशच्या टाकीतला आणि गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक तपासा.