पाकट आणि ओपॉसम: वर्गीकरण व संवर्धनस्थिती यांची तुलना कशी करावी

तुलनेला बसण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी लागते, ती म्हणजे नेमकी जाती. ‘पाकट’ म्हणजे चपट्या अंगाचा समुद्री मासा; या एका नावाखाली सहाशेहून अधिक जाती येतात. ओपॉसम हा अमेरिका खंडातला, पिल्ले पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या गटातला प्राणी; त्याच्याही शंभरच्या आसपास जाती आहेत. संवर्धनस्थिती ठरते ती जातीची, त्यामुळे ‘पाकट संकटात आहे’ हे विधान कितीही कळकळीने केले तरी ते अपुरेच राहते. येथे महासागरी मँटा पाकट (मोब्युला बायरोस्ट्रिस) आणि व्हर्जिनिया ओपॉसम (डायडेल्फिस व्हर्जिनियाना) यांची जोडी घेऊ. ऑस्ट्रेलियातले ‘पॉसम’ वेगळ्या गणातले (गण म्हणजे वर्गीकरणात वर्गाच्या खालची व कुलाच्या वरची पायरी) आहेत. नावातल्या एका अक्षराने इथे पुष्कळांची फसगत होते.

आता वर्गीकरणाची उतरंड वरून खाली लिहीत यावे आणि वाटा कुठे फुटतात ते पाहावे. सृष्टी एकच, प्राणी, संघही एकच, समपृष्ठरज्जू, दोघेही पृष्ठवंशीय. वर्गाशी मात्र फारकत होते. मँटा कास्थिमत्स्यांच्या वर्गात जातो, कारण त्याचा सांगाडा हाडांचा नसून कास्थीचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत असते तशा लवचीक कूर्चेचा असतो आणि कल्ल्यांच्या पाच जोड्या फटी शरीराच्या खालच्या बाजूस असतात. ओपॉसम सस्तन वर्गात येतो. त्याखाली मँटाचा गण मिलिओबॅटिफॉर्मिस व कुल मोब्युलिडी, तर ओपॉसमचा गण डायडेल्फिमॉर्फिया व कुल डायडेल्फिडी. मँटासाठी ‘मँटा बायरोस्ट्रिस’ हे नाव जुन्या लेखनात आढळते. तो प्राणी हाच.

संवर्धनस्थितीसाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी पाहावी आणि श्रेणीशेजारी मूल्यमापनाचे वर्षही टिपावे. २०१९ च्या मूल्यमापनात महासागरी मँटा ‘संकटग्रस्त’ ठरला. त्यापूर्वी तो ‘असुरक्षित’ या एक पायरी कमी धोक्याच्या श्रेणीत होता. व्हर्जिनिया ओपॉसम ‘किमान चिंता’ या श्रेणीत आहे.

श्रेणी नोंदवून थांबू नये. तिच्यामागचे कारण शोधण्यातच या तुलनेचे खरे मोल आहे, असे मला मनापासून वाटते. मँटाची मादी सुमारे वर्षभराच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू देते, आणि कल्ल्यांच्या व्यापारासाठी होणारी मासेमारी व इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत अडकणे, या दोन्हींनी झालेली घट इतक्या संथ प्रजननातून भरून येत नाही. याउलट ओपॉसमची मादी अवघ्या बारा-तेरा दिवसांत मधमाशीएवढी पिल्ले जन्माला घालते, ती अंगावरून सरपटत पिशवीत शिरतात, आणि साधारण तेरा स्तनाग्रांपैकी एखादे ज्यांना सापडते तीच जगतात. तरीही एका विणीत बरीच पिल्ले वाढतात. शिवाय फळे, कीटक, मेलेले प्राणी असे मिळेल ते खाणारा हा प्राणी माणसाच्या वस्तीजवळही निभावून नेतो.

एका जातीचा निष्कर्ष मात्र सबंध गटाला लावू नये. जावा बेटाजवळच्या पाकटाची एक जाती १८६२ साली मिळालेल्या एकाच नमुन्यावरून ज्ञात होती. २०२३ मध्ये ती नामशेष घोषित झाली.