रात्री दोन वाजता भूल कोण देतं, ते आधी विचारा

माझी लेक आठव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा तिच्या हातात पुण्याच्या दवाखान्याची जाड फाइल होती आणि तोंडात एकच वाक्य, "आई, दवाखान्यातच जायचं, पण उगाच टोचाटोची आणि कापाकापी नको." मी तेहतीस वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी नर्स-दाई होते, बहुतेक यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी आणि पांढरकवड्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत. बाळंतपणं मोजायचं मी केव्हाच सोडलं होतं. तरी स्वतःच्या पोरीसाठी जागा ठरवायला मला तीन आठवडे लागले. आता गावातल्या दोघी-तिघी गरोदर पोरी तेच विचारायला येतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

डॉक्टर नंतर शोधा, आधी फाइल वाचा. वाढलेलं बीपी, शुगर, बाळ आडवं किंवा पायाळू, जुळं, बाळाला पोसणारी वार पिशवीच्या तोंडाशी, हिमोग्लोबिन सातच्या आत, आधीचं सिझर, यातलं काही असेल तर निवड मोठ्या दवाखान्यांतूनच करा. आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली की नाही तेही बघा. नुसती वाहक असेल तर घाबरायचं कारण नाही. आजारच असेल तर तालुक्याच्या ठिकाणी थांबायचं नाही. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर सेवाग्रामचा मोठा दवाखाना. आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी शोधून फाइलीत सगळ्यांत वर लावा. प्रसूतीची तारीख तिचीच धरायची. लेकीच्या आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तारीख नऊ दिवस अलीकडची छापून आली होती, कारण पोर अंगानं भरलेलं होतं. तोच कागद वर राहिला असता तर "तारीख उलटली" म्हणत कुणीतरी नऊ दिवस आधीच कळांचं सलाईन लावलं असतं.

आता चौकशी कुठं करायची? "चांगला डॉक्टर कोण" असं विचारलं की लोक ज्याची इमारत मोठी त्याचं नाव सांगतात. मी लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसले. दीड महिन्याच्या डोसाला येणारी प्रत्येक बाई ताजी बाळंतीण असते, तिला सगळं आठवत असतं आणि सुई दिल्यावर अर्धा तास तिला तिथंच बसवून ठेवतात. तिचं मत विचारू नका. दवाखान्यात किती वाजता गेली, बाळ किती वाजता झालं आणि मधल्या वेळात काय काय केलं, एवढं विचारा.

बाळ किती वाजता झालं, हे का? त्या दिवशी एकाच खासगी दवाखान्यातल्या चौघी मला भेटल्या.

"पाणी कमी झालं म्हने. सायंकाळी सहाले शिझर केलं."

दुसरीच्या बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती, साडेसात. तिसरीच्या पिशवीचं तोंड उघडत नव्हतं, सात. चौथी नॉर्मल झाली, तीही भर दुपारी. कारणं तीन निघाली, घड्याळ मात्र एकच. पोरं तर मध्यरात्री येतात, पहाटे येतात, माझी अर्धी नोकरी कंदिलाच्या आणि नंतर बॅटरीच्या उजेडात गेली. त्या दवाखान्यात रात्री कुणी जन्मतच नव्हतं.

मी त्या डॉक्टरांना भेटले. भांडायला नाही, जुनी ओळख होती. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "सिस्टर, भूलतज्ज्ञ यवतमाळहून येतात. आठनंतर ते निघत नाहीत. रात्री एकला बाळाचे ठोके पडले तर मी काय करू?" मला राग यायला हवा होता, आला नाही. यात पैसा नसतोच असं मी म्हणणार नाही, इतकी भोळी नाही. पण एकट्या माणसाला रात्रीची भीती वाटते, तीही खरी आहे.

तिथून माझा शोधच उलटा फिरला. जिथं सिझरची सोय कमी तिथं नॉर्मल जास्त, असं आपल्याला वाटतं. खासगीत तसं नाही. ज्याच्याकडे रात्री दोन वाजताही भूलतज्ज्ञ वीस मिनिटांत पोचतो, रक्त हाताशी आहे, लहान मुलांचा डॉक्टर बोलावता येतो, तोच डॉक्टर निवांत वाट बघू शकतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: रात्री दोन वाजता सिझर लागलं तर भूल कोण देतं आणि ते किती वेळात येतात? उत्तरात माणसाचं नाव आणि मिनिटं आली तर पुढं बोला. "तशी वेळच येऊ देत नाही" असं आलं तर चहा पिऊन उठा.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली 47 बाळंतपणं सिझरची होती आणि सरकारी दवाखान्यांत 14. यावरून सरकारी म्हणजे नॉर्मलच असं धरू नका. त्या चौदाच्या हिशोबात आमच्यासारखी आरोग्य केंद्रंही येतात, जिथं सिझर होतच नाही. अडलेली बाई तिथून गाडीत घालून पुढं पाठवतात.

"तुम्ही सिझर जास्त करता का?" या प्रश्नाला कोण हो म्हणणार? प्रसंग सांगून विचारायचं. पाणी गेलं पण कळा नाहीत, तर काय करता? बरा डॉक्टर म्हणेल, पाण्याचा रंग बघू, ताप बघू, ठोके चांगले असतील तर काही तास थांबू, मग कळा आणू. पाणी हिरवं असेल तर गोष्ट वेगळी. तारीख उलटली तर? एक्केचाळीस आठवड्यांपर्यंत तपासत राहू, असं उत्तर आलं की माझं समाधान होतं.

माझा सगळ्यांत आवडता प्रश्न हा: चार सेंटिमीटरला येऊन तीन तास तिथंच राहिली तर? याचं कारण आमच्या शिक्षणात आहे. आम्हाला शिकवलं होतं की पिशवीचं तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, नाही उघडलं तर काहीतरी अडलं. त्या हिशोबानं मी कितीतरी पोरींना पुढं धाडलं आणि त्यांतल्या काही जणी वाटेत गाडीच्या हादऱ्यांनीच मोकळ्या झाल्या. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटिमीटरपासून धरा, ताशी एक सेंटिमीटरचा हट्ट सोडा, आणि पहिलटकरणीला तिथून पुढं बारा तासांपर्यंतही लागू शकतात. म्हणजे चारला थांबलेली बाई अडलेली नसते, ती अजून सुरूच झालेली नसते. हे ज्याला माहीत आहे तो म्हणतो, "घरी जा, जेव, चाल, मग ये. घर लांब असेल तर इथंच थांब, पण पलंगावर पडून राहू नको." माझ्या लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी जवळजवळ हेच शब्द वापरले. त्या यवतमाळला बसतात, वयानं माझ्या लेकीएवढ्याच असतील, आणि मला आधी वाटलं होतं की एवढी पोरगी काय सांगणार.

खालून काप देता का, हे विचारलं की सगळे "गरज पडली तर" म्हणतात. मग विचारा, मागच्या दहा पहिलटकरणींत किती जणींना गरज पडली? आणि उत्तर देणाऱ्या डॉक्टरकडे बघू नका, शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघा. पूर्वी आम्ही प्रत्येक पहिलटकरणीला काप दिला, एनिमा दिला, केस काढले, उताणं झोपवलं, पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मीही केलंय हे सगळं. आता यातलं काहीही सरसकट करायचं नाही असंच सांगितलं जातं. पोटावर दाब देऊन बाळ ढकलणं तर मुळीच नको. कुणी ते सहज बोलून गेलं तर नाव यादीतून खोडा.

याच्या उलटही एक प्रश्न विचारायचा, तो बायका विसरतात. कळा चालू असताना ठोके कोण बघतं आणि किती वेळानं? जोराच्या कळांत पंधरा ते तीस मिनिटांनी आणि जोर देताना दर पाच मिनिटांनी बघायला हवेत. डॉप्लर, म्हणजे ठोके ऐकायचं यंत्र, लावून बसणारं कुणी नसेल, तर तिथं वाट बघत नाहीत, नुसतं टाकून ठेवतात.

खोली बघायला मागा. पलंगाची पाठ उचलता येते का, पडदा आहे का, संडास आत आहे का. सोबत एक बाई राहू देतात का ते विचारा. सरकारी दवाखान्यांत तर 2016 पासून सोबतिणीला परवानगी आहे. आणि दिवसा जाऊन रात्रपाळीच्या सिस्टरचं नाव काढून आणा, जमलं तर संध्याकाळी परत जाऊन तिला भेटा. सरकारनं 2018 पासून अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन खास मिडवाइफ, म्हणजे शिकलेल्या सुईणी, तयार करायचं ठरवलंय, पण आपल्याकडे रात्री मिडवाइफचं काम करते ती हीच सिस्टर. डॉक्टर येतात तेव्हा डोकं दिसायला लागलेलं असतं. त्याआधीचे दहा तास तिचे असतात.

सरकारीत जायचं असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात गरोदर बायकांची तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर भेटतात. बाळंतपण, औषधं, जेवण, नेणं-आणणं सगळं फुकट. अडचण गर्दीची असते, आणि कुठं कुठं फटकळ बोलण्याची. आरोग्य केंद्रातल्या जुन्या सिस्टरच्या हाताला मी आजही मान देते, पण पहिलटकरीण असेल आणि पुढचा दवाखाना तासाभरापेक्षा लांब असेल तर मी स्वतःच्या पोरीला तिथं ठेवलं नाही, तुम्हालाही ठेवा म्हणणार नाही.

एक काम डॉक्टरचं नाही, आपलं आहे. कळा वाढल्या की बाहेर बसलेलेच आधी हात टेकतात. "डॉक्टर, कापा पण मोकळी करा." सासूबाई रडतात, कुणीतरी मामा आवाज चढवतो, आणि डॉक्टरला उद्याची तोडफोड दिसायला लागते. म्हणून शेवटच्या भेटीला मी जावई आणि विहीणबाई दोघांनाही घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "आम्ही थांबू. तुम्ही थांबा म्हणाल तोवर थांबू. आणि तुम्ही सिझर म्हणाल तेव्हा वाद घालणार नाही." त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. विहीणबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माह्यावाल्या तर चारी घरीच झाल्या, मले काय सांगता."

नको म्हणायचं नाही अशाही गोष्टी आहेत. बाळ बाहेर आलं की आईला रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन देतात, ऑक्सिटोसिन दहा युनिट. ते घ्याच. वार पडल्यावर पाच मिनिटांत चटई भिजून जमिनीवर रक्त गेलेलं मी पाहिलंय आणि ती बाई वाचली ते ट्रॅक्टरवाल्या पोराच्या कृपेनं. हाताला सुई लावून ठेवली तरी चालू द्या. नाळ मात्र लगेच कापू नका, निदान एक मिनिट थांबा, एवढं आधी सांगून ठेवा. बाळ रडत असेल तर कुणी नाही म्हणत नाही.

तारीख पोळ्याच्या आसपास होती. पोळ्याच्या दिवशी शुद्धीवर असलेला ड्रायव्हर शोधून दाखवा! वर आमच्या नाल्याला पूर आला की गाव तुटतं. म्हणून आठ दिवस आधीच यवतमाळला माझ्या बहिणीकडे मुक्काम हलवला. ज्यांचं तिथं कुणी नाही त्यांनी आशाताईकडून दोन गाड्यांचे नंबर घेऊन ठेवावेत. 102 आणि 108 आहेतच, पण नाल्याच्या अलीकडे त्यांचाही इलाज नसतो.

कळा रात्री अकराला लागल्या. दवाखान्यात तीन सेंटिमीटर, परत मावशीच्या घरी, शिरा खाल्ला, अंगणात फेऱ्या घातल्या. साडेतीनला परत गेलो तेव्हा सहा. मला आत घेतलं, पण सिस्टरनं दारातच अडवून सांगितलं, "काकू, आज तुम्ही फक्त आई. हात मागं." लेक कुशीवर होती, पलंगाचा गज धरून. सहाला दहा कमी असताना नात झाली. काप नाही, बारीक फाटलं तिथं दोन टाके. नाळेची धडधड बघत मी तेवढा वेळ दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून उभी होते. बोटांना मुंग्या आल्या होत्या.