जुन्या मोटारसायकलचा बसलेला हॉर्न: आधी वीज मोजा, मग नवा हॉर्न घ्या

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणाऱ्या घाटात पावसाळ्यातील धुके उतरले की पुढचे वळणही दिसेनासे होते आणि आपण येत आहोत हे समोरच्याला कळवण्यासाठी हॉर्नखेरीज दुसरे काहीच हाताशी उरत नाही. माझ्या १९९९ सालच्या शंभर सीसी गाडीचा हॉर्न अशाच एका वळणावर घसा बसल्यासारखा घरघरला. समोरून उतरणाऱ्या जीपच्या चालकाला तो ऐकूच गेला नाही आणि मी डोंगराच्या बाजूला दाबून थांबलो म्हणूनच निभावले. नाशिकला परतल्यावर मी लगेच नवा हॉर्न आणून बसवला, परंतु तोही तसाच घोगरा वाजला. ओळखीच्या एका वायरमनने मल्टिमीटर लावून दाखवले तेव्हा कळले की दोष हॉर्नमध्ये नव्हताच, हॉर्नपर्यंत पुरेशी वीजच पोहोचत नव्हती. म्हणून आवाज मंदावला की दुकानाकडे वळण्याआधी मोजमाप करावे, असा माझा आग्रह आहे.

सर्वप्रथम गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, हे पाहावे. बॅटरीवर आकडा पुसट झाला असेल तर पाणी भरण्याची बुचे मोजावीत: तीन असतील तर ६ व्होल्ट, सहा असतील तर १२ व्होल्ट. काही जुन्या स्कूटर आणि मोपेडवर हॉर्न बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, एसी प्रवाहावर चालतो. अशा गाड्यांना पुढे सांगितलेली रिलेची (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचची) पद्धत लागू पडत नाही. येथून पुढचे सारे विवेचन १२ व्होल्टच्या आणि बॅटरीवर हॉर्न असलेल्या गाडीचे आहे.

गाडी बंद असताना चांगल्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास आकडा असेल तर ती निम्मी उतरलेली आहे असे समजावे आणि आधी तिला चार्ज करावे. त्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावून कोणाला तरी हॉर्नचे बटण दाबायला सांगावे आणि आकडा लिहून ठेवावा. मग हॉर्नच्या दोन टोकांवर मीटर लावून तेच पुन्हा करावे. बटण दाबलेले असतानाच मोजणे महत्त्वाचे आहे, कारण प्रवाह वाहत नसताना गंजलेल्या जोडावरही पूर्ण व्होल्टेज दिसते आणि माणूस फसतो. माझ्या गाडीत बटण दाबल्यावर बॅटरीवर १२.१ आणि हॉर्नवर ९.४ व्होल्ट होते, म्हणजे २.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. ३ अँपिअर घेणाऱ्या हॉर्नच्या वाटेत ०.९ ओहमचा रोध असला की एवढी गळती होते आणि पंचवीस वर्षांच्या वायरिंगमध्ये, बटणात व इग्निशन स्विचमध्ये मिळून तेवढा रोध सहज साचतो.

या गळतीचा मोठा वाटा बहुधा बटणातच असतो. हँडलवरील स्विचचे दोन स्क्रू खोलण्यापूर्वी खाली स्वच्छ फडके अंथरावे, कारण आतली बारीक स्प्रिंग उडाली तर ती सापडत नाही. माझ्या बटणातील पितळी पत्तीवर हिरवट-काळा थर चढला होता आणि मध्ये ठिणग्यांनी खड्डा पडला होता. बारीक पॉलिश पेपरने अशी पत्ती पिवळी चमकेपर्यंत घासावी, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि पूर्ण वाळू द्यावी. त्याचप्रमाणे बॅटरीची टोके आणि चासीवरील अर्थिंगचा बोल्टही खोलून, खालचा रंग व गंज खरवडून पुन्हा घट्ट आवळावेत. पुष्कळदा एवढ्यानेच हॉर्न पूर्ववत वाजतो आणि खर्च टळतो.

हॉर्नच्या मागे लहानसा समायोजन स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाने खूण करून ठेवावी, बटण दाबून आवाज ऐकत तो एका वेळी पाव फेऱ्याहून कमीच फिरवावा आणि आवाज स्वच्छ झाला की थांबावे. मधला मोठा नट मात्र कधीही हलवू नये; तो पडद्याला धरून असतो आणि एकदा सैल झाला की आतले अंतर घरी पुन्हा जुळवता येत नाही.

हॉर्नवर ११ व्होल्टहून अधिक पोहोचत असूनही आवाज फाटका येत असेल, तरच नवा हॉर्न घ्यावा. शंभर सीसीच्या किक-स्टार्ट गाडीत २.५ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर एकच चांगला डिस्क हॉर्न पुरे. सेल्फ-स्टार्ट गाडीत ९ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर खालचा आणि वरचा सूर असलेली जोडी लावता येते, आणि दोन सुरांचा एकत्र आवाज रहदारीत एका सुरापेक्षा लवकर लक्षात येतो. लहान बॅटरीवर जोडी लावणे मला योग्य वाटत नाही, कारण दोघे मिळून ७-८ अँपिअर ओढतात, व्होल्टेज कोसळते आणि दोन्ही हॉर्न अर्धवट वाजतात. सूर बदलत वाजणारा म्युझिकल हॉर्न तर मुळीच घेऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार तो आणि कर्कश, दचकवणारे हॉर्न यांना मनाई आहे. आवाज सुधारल्यावरही रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात तो वाजवायचा नाही, हे त्र्यंबक रस्त्यावरून सिव्हिल हॉस्पिटलसमोरून जाताना आवर्जून पाळावे.

नव्या हॉर्नसोबत रिले बसवावा, कारण त्यामुळे हॉर्नचा जड प्रवाह जुन्या बटणातून न जाता थेट बॅटरीतून येतो आणि बटणाला केवळ रिलेच्या कॉइलचे पाव अँपिअरहूनही कमी ओझे राहते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. हॉर्नच्या मूळ दोन वायरी काढून रिलेच्या ८५ आणि ८६ क्रमांकाच्या पिनांना जोडाव्यात. काही गाड्यांत बटण हॉर्नला पॉझिटिव्ह देते, काहींत अर्थ देते. परंतु दोन्ही मूळ वायरी अशा जोडल्या की हा फरक आड येत नाही. रिलेत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर मात्र पॉझिटिव्ह वायर ८६ लाच हवी. हॉर्नला मुळात एकच वायर असेल आणि दुसरी बाजू बॉडीतून अर्थ होत असेल, तर ८५ वरून चासीला वेगळी वायर द्यावी. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून ३० क्रमांकाच्या पिनेपर्यंत आणि ८७ वरून हॉर्नपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढावी, तर हॉर्नच्या दुसऱ्या टोकावरून तेवढीच वायर बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी. पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवावा, एका हॉर्नला १० आणि जोडीला १५ अँपिअरचा; तो दूर बसवला तर मधली वायर घासून चासीला टेकल्यास गाडी पेटू शकते. वायरींच्या टोकांना थिंबल (धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने दाबून बसवून, वर स्लीव्ह चढवावी. नुसती टेप पहिल्या पावसातच सुटते.

रिले साइड पॅनेलच्या आत, पिना खाली राहतील असा लावावा, म्हणजे पाणी आत मुरत नाही. हॉर्न त्याच्या मूळ लवचिक पत्तीवरच बसवावा. त्याचे अंग चासीला किंवा मडगार्डला टेकले तर कंप दबतो आणि चांगला हॉर्नही घुसमटतो. तोंड पुढे आणि किंचित खाली असावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचा शॉकॅब्सॉर्बर दाबून वायर कोठे ताणली जात नाही ना, हे तपासावे.

शेवटी बॅटरी जोडून इंजिन मंद चालू ठेवावे, ब्रेक दाबून इंडिकेटर लावावा आणि त्याच वेळी हॉर्नवरचे व्होल्टेज पुन्हा मोजावे. माझ्या गाडीत आता ११.८ दिसते. तुमच्या गाडीत ११.५ पेक्षा कमी दिसले तर नव्या जोडांवर एकेक करून मीटर लावावा, बटण दाबलेले असताना ज्या जोडावर ०.२ व्होल्टहून अधिक फरक येतो तो पुन्हा क्रिम्प करावा आणि चाचणी पूर्ण झाल्यावर त्याच क्षमतेचा एक जादा फ्यूज सीटखालच्या टूलकिटमध्ये ठेवून द्यावा.